बदकमावशीची भुवई

माझी मावशी रोज सकाळी कपाळाला इस्त्री करायची. बेसिनच्या आरशासमोर उभी राहून ती तळहात नळाखाली ओला करायची, भुवयांच्या वर ठेवायची आणि दाबून, सावकाश, एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत फिरवायची. मग हात काढून आरशातल्या बाईकडे बघायची. ती बाई क्षणभर कोऱ्या कागदासारखी दिसायची. तेवढ्यात काका पेपरामागून काहीतरी पुटपुटायचे आणि मावशीला हसू फुटायचं.

"मोडली घडी," काका म्हणायचे. "तापव पुन्हा इस्त्री."

हा सगळा खटाटोप नोकरीसाठी होता. मावशी एका मोठ्या इस्पितळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर काम करायची. तिथे मुलांच्या वाढीचा एक लांबलचक अभ्यास चालला होता. जन्मल्या जन्मल्या ज्यांची नावं त्यात घातली होती अशी मुलं शाळेत जायच्या वयापर्यंत दरवर्षी तपासायला यायची. खालच्या मजल्यावर त्यांचं वजन व्हायचं, उंची मोजली जायची, रक्त काढलं जायचं, आणि मग डोळे पुसत ती वर मावशीकडे यायची. खाली रडायचं नि वर खेळायचं, असा त्या दिवसाचा क्रम ठरलेला. इस्पितळात सगळ्याच मदतनीस बायकांना मावशी म्हणत. ही वेगळी ओळखू यावी म्हणून मुलांनीच तिचं नाव पाडलं होतं, बदकमावशी.

बदक लाकडाचं होतं, अंगठ्याएवढं. इतक्या हातांतून गेलं होतं की चोचीचा रंग पार उडाला होता. बुटक्या टेबलावर तीन पिवळे पेले उपडे ठेवलेले असायचे. मावशी मुलाच्या देखत बदक एका पेल्याखाली ठेवायची आणि पेल्यांपुढे पुठ्ठा आडवा धरायची. थोडा वेळ जाऊ द्यायचा, पुठ्ठा काढायचा आणि म्हणायचं, "उचल, बघू." बस्स, एवढंच बोलायची परवानगी होती. बदक कुठे आहे हे मूल किती वेळ ध्यानात ठेवू शकतं, ते त्यातून बघायचं होतं. कमी वजनाची जन्मलेली मुलं यात मागे पडतात का, पडली तर पुढे भरून काढतात का, असे प्रश्न त्यामागे होते. म्हणून नियम कडक. बोट दाखवायचं नाही, मान हलवायची नाही, शाब्बास म्हणायचं नाही. आईनेसुद्धा मागच्या खुर्चीत बसून भिंतीवरच्या जहाजाच्या चित्राकडे बघत राहायचं. पुठ्ठा बाजूला ठेवला की मावशी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायची. हातांचा काही भरवसा नाही, म्हणायची.

चेहऱ्याचा तर त्याहून नव्हता. तिच्या मनात काय आलं ते तिच्या आधी समोरच्याला कळायचं. पत्त्यांच्या डावात तिला कोणी जोडीदार घेत नसे. शेजारच्या खोलीत हाच खेळ घेणारे एक उंच, शांत गृहस्थ होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. सगळे त्यांना भिंत म्हणत, अगदी तोंडावर, आणि त्यांना त्याचा राग येतो की नाही हे अर्थातच कोणाला कळलं नव्हतं. मावशी म्हणायची, यांना भाजी आवडली की नाही हे यांच्या बायकोला रिकामं ताट बघूनच समजत असणार.

मावशी आधी बालवाडीत शिकवायची. ती बालवाडी बंद पडली, आणि मुलं हिच्यासमोर रडत नाहीत हे बघून अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला घेतलं. चेहऱ्याचं काहीतरी करा, एवढं मात्र बजावलं. तेव्हापासून ती इस्त्री.

आणि तिला ती खोली मनापासून आवडायची, ती एका क्षणासाठी. पुठ्ठा निघाला की मूल थबकायचं. हात पेल्यांवर अधांतरी राहायचा. डोळे भिरभिरायचे, मग एकाएकी ठरायचे, आणि हात खाली यायचा.

"आठवण येताना दिसते गं," ती मला सांगायची. "एरवी ती आतल्या आत येते. इथे पाहुणा दारात यावा तशी येते, डोळ्यांसमोर."

दोन वर्षं हे सुखाने चाललं. मग अभ्यासाची आकडेमोड बघणाऱ्या, जाड चष्म्याच्या एका गृहस्थांना त्यात घोळ दिसला. त्यांना सगळे आकडेवाले म्हणत. मावशीच्या खोलीतली मुलं भिंतीच्या खोलीतल्या मुलांपेक्षा फारच हुशार निघत होती. मुलं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन्ही खोल्यांत वाटली जात होती, मग असं का? आधी वाटलं, मावशीच्या खोलीत उजेड जास्त आहे. म्हणून दोघांच्या खोल्या बदलल्या. हुशारी मावशीबरोबर दुसऱ्या खोलीत गेली.

यावर मावशी घरी आठवडाभर फुशारली. मुलं माझ्याकडे मोकळी होतात, त्या उंच माणसापुढे बिचारी दबून जातात, असं तिने काकांना, मला आणि समोरच्या बिऱ्हाडालाही सांगितलं. मग एका दुपारी चहा ढवळता ढवळता आकडेवाल्यांनी तिला विचारलं, की ती मुलांना नकळत काही सांगते का. त्यांनी हळुवारपणे विचारलं होतं. पण विचारलं ते विचारलंच.

त्या संध्याकाळी मावशी घरी आली ती गप्प. काकांनी तिला बोलतं करायला मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला. तिने तो मुकाट्याने उचलून वाळत घातला. तेव्हा काका खरे घाबरले.

डॉक्टरबाईंनी ठरवलं की खोलीच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं चौघांनी मिळून बघायचं. मावशी खुणा करते असं दिसलं, तर तिच्या खोलीतला दोन वर्षांचा हिशेब अभ्यासातून वगळावा लागेल आणि तिला खाली वजनकाट्यावर जावं लागेल. बाईंनी हे तिला आधीच सांगितलं. आवाज मऊ होता, पण शब्द मऊ केले नव्हते. मावशीला वजनकाट्याची लाज नव्हती. पण तिथे मुलं रडत येतात आणि रडत जातात. पाहुणा दारात येताना तिथे कधी दिसणार नव्हता.

पडदे ओढून चौघं बसले. पडद्यावर मावशी होती. हात मांडीखाली, ओठ मिटलेले, एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखी. एक मूल झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. काहीच नाही. आकडेवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भिंतीने सोडला असेल तर दिसला नाही. डॉक्टरबाई दिवा लावायला उठल्या.

"पुन्हा लावा," मावशी म्हणाली.

इतका वेळ ती स्वतःकडेच बघत होती, जसं कोणीही बघेल. आता तिने मुलांकडे बघितलं. दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिचा हात पहिल्या पेल्यावर गेला, पण डोळे पेल्यावर नव्हते. डोळे वर, मावशीच्या तोंडाकडे. हात दुसऱ्या पेल्यावर सरकला, डोळे पुन्हा वर. हात तिसऱ्यावर आला, डोळे वर गेले, तिथेच ठरले, आणि पेला उचलला गेला. पुढच्या मुलाचंही तेच. मावशीने चित्र थांबवायला सांगितलं, पडद्यापाशी गेली आणि स्वतःच्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं. डावी भुवई दोऱ्याएवढी वर उचललेली होती. उजवी जागेवर.

"हा बघा चोर," ती म्हणाली. "माझ्याच कपाळावर बसलाय."

कोणी हसलं नाही. ती बोलली नसती तर दिवा लागला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती. काकांनी रात्री तिला तेच विचारलं, गप्प का नाही बसलीस म्हणून. पण खोली जाण्याचं दुःख तिला नंतरचं होतं, आधीचं वेगळंच होतं. तिच्या डोळ्यांसमोर आठवण येत नव्हतीच. मुलं तिला वाचत होती. दारात आलेला पाहुणा तिच्याच घरून निघाला होता.

बाईंनी लगेच निकाल दिला नाही. महिनाअखेरपर्यंत काही जमतं का बघू, म्हणाल्या. मग प्रयोग सुरू झाले. कपाळाला चिकटपट्टी लावली, तर मुलांना बदकापेक्षा चिकटपट्टीच जास्त आवडली आणि एकजण ती काढायला टेबलावर चढला. रुमाल डोळ्यांपर्यंत बांधला, तर एका मुलीने मावशीला कुठे लागलंय असं समजून स्वतःच फुंकर घातली. घरी रोज संध्याकाळी सराव चालायचा. तीन वाट्या उपड्या, एकीखाली शर्टाचं बटण. मावशी बटण लपवायची, कपाळाला इस्त्री करून बसायची, आणि काका तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. काका रोज जिंकायचे. भुवई आवरली तर नाकपुडी बोलते, असा त्यांनी शोध लावला.

"अहो, एकदा तरी खोटं हरा की," मावशी म्हणाली.

"संसारात एवढं एकच जिंकतोय," काका म्हणाले. "तेही सोडू?"

शेवटी मावशी आपण होऊन डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. मला वजनकाट्यावर पाठवा, चेहरा काही ऐकत नाही, असं सांगायचं तिने वाटेत घोकलं होतं. बाई तेव्हा दुसऱ्याच एका कामात होत्या. त्यांच्याकडे एका नव्या औषधाची चाचणीही चालू होती. टेबलावर एकसारख्या दिसणाऱ्या पुड्या पडल्या होत्या. काहींत औषध, काहींत नुसती साखर, आणि कशात काय हे पुडी देणाऱ्या नर्सलाही माहीत नसायचं. नर्स पुड्या घेऊन जात होती. मावशी बोलायला लागली, आणि बाई तिच्याकडे न बघता त्या नर्सच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपलंच कपाळ बडवून घेतलं.

"इतकी वर्षं मी हेच करत आलेय," त्या म्हणाल्या. "पुडीत काय आहे ते देणाऱ्याला कळूच द्यायचं नाही. कळलं की त्याचं तोंड बोलतं. आणि तुमच्या हातात मी खुशाल बदक देऊन ठेवलं. चूक तुमच्या भुवईची नाही हो, माझी आहे. बदक कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असायची गरजच काय?"

दुसऱ्या दिवसापासून बदक लपवायचं काम भिंतीकडे आलं. ते लपवताना मावशी मुलाच्या आईसारखीच जहाजाच्या चित्राकडे तोंड करून बसायची. भिंत पुठ्ठा लावून खोलीत नव्याने टांगलेल्या पडद्याआड गेले की ती वळायची, पुठ्ठा काढायची. "उचल, बघू."

त्या दोन वेण्यांची मुलगी पुन्हा आली तेव्हा एका वर्षाने मोठी होती. हात पेल्यांवर आणि डोळे थेट मावशीवर. जुन्या ओळखीच्या दुकानात यावं तशी ती बघत होती. दुकान बंद होतं. तिने मावशीला डावीकडून बघितलं, मान तिरकी करून बघितलं. मावशीने तिच्याकडे बघितलं. मग दोघींनी पेल्यांकडे बघितलं. मुलीचे डोळे खाली भिरभिरले, थांबले, ठरले. या वेळी ते वर आले नाहीत. हात गेला. मधल्या पेल्याखाली बदक होतं.

"अगंबाई," मावशीच्या तोंडून निघालं, कारण तिला खरंच माहीत नव्हतं.

पेला उचलून झाला होता, त्यामुळे नियम मोडला नव्हता. कॅमेऱ्यात दोघी बदकाकडे बघताना सापडल्या, एक पाच वर्षांची आणि एक पंचेचाळिशीची, आणि दोघींचा चेहरा तंतोतंत एकच. बाईंनी त्याचा फोटो काढून आपल्या खोलीत लावला. मावशी घरी आली ती जिन्यातूनच बोलत. आता बरोबर उत्तरं पूर्वीइतकी येत नव्हती, पण जी येत होती ती खरी होती. आणि कुठे आहे बदक याची उत्सुकता आता मुलाइतकीच तिलाही असायची. कामाला निघताना तिची पावलं भराभर पडायची.

वगळलेल्या दोन वर्षांचं बाईंनी आपल्या लेखात सरळ लिहिलं, कशामुळे वगळली तेही लिहिलं. पण ते चित्रीकरण त्यांनी टाकून दिलं नाही. मोठ्यांच्या तोंडावरून उत्तर वाचायला मूल कोणत्या वयात शिकतं, हे त्यातून बघता येईल असं त्यांच्या लक्षात आलं. अगदी लहानग्यांनी भुवईकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. त्यांच्याहून जरा मोठी झालेली मुलं मात्र तिच्यावरून डोळे काढत नव्हती. त्यातून आणखी एक अभ्यास उभा राहिला, आणि परिषदांमध्ये मोठ्या पडद्यावर मावशीचं कपाळ झळकलं. मी कुठे गेले नाही, ती म्हणायची, भुवई मात्र विमानाने हिंडून आली.

इस्त्री तिने सोडली नाही. आता कशाला, म्हणून काका विचारायचे. सवय, ती म्हणायची, आणि लगेच घडी मोडायची.

निवृत्तीनंतर बरीच वर्षं ती मजेत राहिली. आमचं शेवटचं बोलणं एका रविवारी झालं. पुढच्या आठवड्यात ती झोपेतच गेली, शांतपणे, कपाळ अगदी सपाट. म्हणून ते बोलणं शेवटचं ठरलं. एरवी त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. स्वयंपाक तेव्हा काकांकडे आला होता. मी भुकेली पोचले, तर टेबलावर तीन झाकलेली भांडी. आज गोड कशात आहे, मी विचारलं. सांगू नकोस तिला, काका आतून म्हणाले. मावशी खुर्चीत बसली होती, हात मांडीखाली. मी पहिल्या झाकणावर हात ठेवून तिच्याकडे बघितलं. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर ठेवला तेव्हा डावी भुवई दोऱ्याएवढी वर गेली.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "उचल, बघू."