अंगारा लावा, गाडी बंद करू नका

कुकरची दुसरी शिट्टी होत होती आणि वहिनीचा फोन आला. "शोभाताई, नाना उठत नाहीत हो..." एवढंच म्हणाली. ती धुळ्यात, देवपूरला. मी इकडे वरणगावला. "हलवून बघ, चहा झाला म्हणून सांग," असं मी वेड्यासारखी बोलत राहिले. नाना माझा थोरला भाऊ. झोपेतच गेला. त्याला महिना होऊन गेला, पण खरं सांगते, मला अजून त्याचा राग येतो. असं न सांगता कोणी जातं का?

नाना जाहिरातींची चित्रं काढायचा. खान्देशातल्या कितीतरी भिंतींवर त्याच्या हातची कापसाची बोंडं आणि केळीचे घड आहेत, खाली बियाण्याचं नाहीतर खताचं नाव. पुढे कॉम्प्युटर आला, फ्लेक्स आले. तेही तो शिकला, पण भिंत काही सोडली नाही. "फ्लेक्स वाऱ्याने फाटतो गं. भिंत जाता-येता रोज दिसते," म्हणायचा. मी त्याला चिडवायची, की लोकांना खत विकण्यात तुझा जन्म गेला. तो हसून पुन्हा कामाला लागायचा.

मग दिलीप गेला. दिलीप म्हणजे वहिनीचा धाकटा भाऊ. त्यांचं गाव पिंपळनेरच्या पलीकडे. शेतात पाणी भरताना साप चावला, आणि घरच्यांनी त्याला नेलं ते गावातल्या भगताच्या अंगणात. मंत्र झाले, अंगारा झाला... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. "थोडं आधी आणलं असतं तर..." असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य नानाच्या डोक्यातून गेलंच नाही. सापाच्या विषावर औषध आहे, जवळच्या दवाखान्यात आहे, आणि माणूस अंगणात बसून मरतो, हे त्याला सहन होत नव्हतं. आपल्याला जाहिरात करता येते, मग एवढी एक जाहिरात करता येऊ नये? आरोग्य खात्यात खेटे घालून त्याने त्या भागातल्या भिंती रंगवायचं काम मिळवलं.

पहिल्यांदा त्याने नाग काढला. दाराएवढा, फणा उभारलेला, बघताच अंगावर काटा यावा असा. खाली ठळक अक्षरांत, साप चावल्यास ताबडतोब दवाखान्यात जा. मी फोटो पाहून त्याचं फार कौतुक केलं. नागपंचमीनंतर तो तिकडे चक्कर मारायला गेला, तर बायकांनी फण्याला हळदीकुंकू वाहून पुढे लाह्या ठेवलेल्या! कुंकवाच्या ओघळांत खालची अक्षरंही दिसेनात. मी सणाला त्याच्याकडेच होते. घरी येऊन त्याने पिशवी खुर्चीवर टाकली. "शोभे, दवाखान्याची वाट दाखवायला गेलो अन् नागोबाचं देऊळ बांधून आलो गं." मला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही. "हसू नको. तिथे पुन्हा कोणीतरी बसून राहील," म्हणाला.

त्यानंतर तो थेट त्या भगताकडेच जाऊ लागला. ज्याच्या अंगणात आपला भाऊ गेला त्याच्याकडे नवरा चहा पितो, हे कळल्यावर वहिनीने कितीतरी दिवस अबोला धरला. भगत सरळ बोलला होता, "लोके मनाकडेच येतीन, नाना. तुमी भिंतवर काय बी लिखा." नानाला तिथे चित्र सापडलं. त्याने भगताच्याच अंगणाच्या भिंतीवर मोटारसायकल काढली. पुढे चालवणारा, मधे साप चावलेला माणूस, मागे त्याला घट्ट धरून बसलेला तिसरा. शेजारी उभा भगत, अगदी हुबेहूब. एका हाताच्या चिमटीत अंगारा, दुसरा हात पिंपळनेरच्या दवाखान्याच्या रस्त्याकडे. खाली लिहिलं, अंगारा लावा, गाडी बंद करू नका.

आरोग्य खात्याच्या साहेबांनी ते मंजूर केलं नाही. अंधश्रद्धेची जाहिरात म्हणाले. मीही साहेबांच्याच बाजूची. "शिकलेला ना तू? मग सरकारी कामात अंगारा कसला रंगवतोस?" मी फोनवर तडकले. तो शांतपणे म्हणाला, "ते त्याचं ऐकतात गं, माझं नाही. मला गाडी चालू हवी, बस." चित्र त्याने पदरमोड करून तसंच ठेवलं. दर दिवाळीला आमचं यावरून वाजायचं. चित्र बघून कोणी वाचलं का, असं मी मुद्दाम विचारायची. ते त्यालाही माहीत नव्हतं.

दशक्रिया झाली, पाहुणे पांगले, आणि एके दुपारी एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. भिंतीवरच्या हारातला नानाचा फोटो बघून तो मटकन खालीच बसला. वहिनीने ओळखलं आणि तोंड फिरवलं. "मी ते नानाले सांगाले उनू व्हतू," भगत म्हणाला. "मनी नातले साप चावना व्हता, बाई. गाडीवर बसाडी नि सरळ पिंपळनेर. वाचनी पोर. अंगारा लावाले बी मी थांबनू नई." मग हात जोडून हळूच म्हणाला, "चित्रमाधला अंगारा पुशी टाका आते, असं सांगानं व्हतं त्यासले."

इतकी वर्षं मी हेच म्हणत होते. माझंच खरं झालं म्हणायचं, पण ऐकायला नाना नव्हता. मी पदर तोंडाला लावून रडले.

वहिनी उठली. नानाच्या खोलीत गेली आणि रंगाचा डबा न् ब्रश घेऊन आली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या गावाला गेलो. ज्या अंगणात भाऊ गेल्यापासून तिने पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे उकिडवं बसून तिने चिमटीतला अंगारा रंगाने झाकला, मग खालचे पहिले दोन शब्दही झाकले. रंग इकडेतिकडे गेला. पुढची अक्षरं नानाची आहेत, तशीच आहेत. गाडी बंद करू नका.