काठावरचं क्लॅरोनेट

चित्र कसं आहे आणि आवाज कसा आहे, एवढंच लिहायचं होतं. धुळ्याच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मी नव्या व्हिडिओ कॅसेटींवर लिहीत असे. गोष्ट काय, नट कोण, हे लोकांना थेटरातून माहीत असायचं. कॅसेट भाड्याने आणावी का, चित्रावर मुंग्या येतात का, गाणी कापली आहेत का, हे त्यांना हवं असायचं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. पेपरात नाव छापून येतं याचं सुरुवातीला फार अप्रूप होतं. पुढे मात्र कॉलेजात दिवसभर शिकवून झाल्यावर कॅसेट लायब्ररीच्या मागच्या खोलीत खुर्ची ओढून बसायचं आणि एका प्रिंटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी केलेली फिकट चित्रं बघायची, याचा शीण येऊ लागला. सगळ्या सिनेमांतली माणसं एकाच तापातून उठल्यासारखी दिसत. पण हे काम आपल्याला मिळालं हेच खूप, असं मनाशी म्हणून मी लिहीत राहिलो.

तशात ती कॅसेट आली. जुन्या काळच्या एका गायकाच्या आयुष्यावरचा सिनेमा. नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडणारा, शेवटी आवाज गेलेला गायक. लायब्ररीवाल्याने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "सर, ही तुमच्या घरचीच."

त्याला ते ठाऊक होतं, कारण धुळ्याच्या देवपूर भागात, जिथे मी राहायचो, तिथे मीच सर्वांना सांगत असे. या सिनेमात माझा मोठा भाऊ होता.

भाऊ जळगावच्या एका बँड पार्टीत क्लॅरोनेट वाजवायचा. जळगावातच मेहरूणला आमचं दोन खोल्यांचं घर. वडील लवकर गेले, आणि चौथीतून शाळा सोडून भाऊ आधी जिनिंगमध्ये आणि मग बँडमध्ये गेला. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठीखाली सापडून त्याच्या उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली होती. तरी त्याच वाकड्या करंगळीने तो क्लॅरोनेटच्या खालच्या चाव्या अशा दाबायचा, की वरातीतले घोडेसुद्धा कान टवकारतात असं त्याचे सोबती म्हणत. त्याने लोकांची लग्नं वाजवली म्हणून मी कॉलेजात गेलो. हे मी कधी विसरलो नाही, आणि त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

सोनगीरच्या किल्ल्याखाली त्या सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा जळगावहून त्यांचा बँड नेला होता. गायक गावात येतो, लोक वाजतगाजत त्याला नेतात, असा प्रसंग. सगळ्यांना जुन्या वळणाचे फेटे बांधले. गाणं आधीच मुंबईत रेकॉर्ड झालेलं होतं. ते भोंग्यावर लावायचे, आणि यांनी नुसती वाजवल्याची नक्कल करायची. बाकीचे गाल फुगवून बोटं कशीही हलवत होते. भाऊने मात्र दुपारपर्यंत ते गाणं कानावरून बसवलं आणि संध्याकाळच्या शूटिंगला खरंच वाजवलं. भोंग्यापुढे त्याचं वाजवणं कुणाला ऐकू आलं नसेल. तो घरी येऊन आमच्या अहिराणीत म्हणाला, "आवाज बठ्ठा मुंबईना. बोटे मातर मन्हाच शेतस." आवाज सगळा मुंबईचा, बोटं मात्र माझीच.

त्या दिवशी एक गोष्ट घडली होती, तिचं महत्त्व पुढे कळलं. मुंबईचा एक साहाय्यक ओरडून म्हणाला होता, तुमच्यात सगळ्यात चांगला वाजवणारा कोण, त्याला चांगल्या जागी उभा करा. त्याच्या मनात गायकाच्या शेजारची जागा असणार. पण आमच्याकडच्या बँडमध्ये चांगली जागा म्हणजे रांगेचं टोक, गर्दीच्या बाजूचं. वरातीत फर्माईश करायला लोक तिथेच येतात, नवरदेवाचे मामा तिथेच नाचतात, नोट ओवाळतात तीही तिथेच. मधे उभे राहतात ते शिकाऊ. म्हणून बँडमास्तरने मोठ्या मानाने भाऊला टोकाला नेलं आणि गायकाच्या शेजारी, ऐन मध्यावर, झांजवाला उभा केला.

सिनेमा जळगावात लागला तो ऐन लग्नसराईत. बँडवाल्याला त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी हळद, संध्याकाळी वरात. मी पुण्याला पेपर तपासायला गेलो होतो. वहिनीला एकटीने थेटरात जायची सवय नव्हती. भाऊ मोकळा झाला तोवर थेटरावर दुसरं पोस्टर लागलं होतं. गल्लीतल्या पानवाल्याने तेवढा तो पाहिला होता. तो शपथेवर सांगायचा, "भाऊ डाव्या टोकाला आहे. अख्खा. फेट्यासकट."

त्यानंतर काही वर्षांत भाऊचे वरचे पुढचे दात गेले. क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांनी धरावं लागतं. कवळी बसवून पाहिली, पण फुंकर मारली की ती हलायची आणि सूर चिरकायचा. बँडमध्ये आता कॅसियो वाजवणारी पोरं आली होती. त्यांनी भाऊला वाजवताना ऐकलेलंच नव्हतं. ती त्याला फेटे आणि कोट सांभाळणारा काका म्हणून ओळखत. वाद्य त्याने कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. आपण वाजवत होतो हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघावं, वहिनीला दाखवावं, एवढंच त्याचं उरलं होतं. आणि ते त्या सिनेमाखेरीज दुसरीकडे कुठेच नव्हतं. भेटला की तो हळूच विचारायचा, "आप्पा, त्यानी कॅसेट उनी का रे?"

कॅसेट आली त्या दुपारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत मी ती एकट्याने पाहिली. रंग उतरलेले होते. गायकाच्या कपाळावरचं गंध विटकरी दिसत होता. आवाजात एकसारखी खरखर, आणि तान वर गेली की स्पीकर फाटल्यासारखा. गायकावरच्या सिनेमात गाणीच अर्धी कापलेली, कारण कॅसेटवर जाहिरातींना जागा हवी होती. चित्राच्या तळाशी साबणाच्या आणि मसाल्याच्या जाहिरातींची पट्टी सरकत राहायची. मिरवणुकीचा प्रसंग आला तेव्हा मी खुर्चीत पुढे झालो. गायक मध्ये, शेजारी झांजवाला, मग एक ढोल, मग चित्र संपलं. डावं टोक नव्हतंच. उजवंही नव्हतं.

लायब्ररीवाल्याला बोलावलं. त्याने पाहिलं आणि खांदे उडवले.

"सर, हा लांब पडद्याचा सिनेमा. टीव्ही चौकोनी. कॅसेटवाले दोन्ही बाजू कापून मधलं तेवढं ठेवतात. सगळ्यांचंच तसं."

"मग काठावरची माणसं?"

"ती थेटरात."

मला फार थकवा आला. भाऊला काय सांगावं, या विचारात मी दोन दिवस काढले. त्याला न बोलावता कॅसेट परत करावी, असंही मनात आलं. पण धुळे-जळगाव एसटीच्या एका कंडक्टरशी लायब्ररीवाल्याची ओळख होती आणि तो कंडक्टर मेहरूणचाच. बातमी माझ्याआधी पोचली. रविवारी दुपारी भाऊ, वहिनी आणि शपथ घेणारा पानवाला असे तिघे देवपूरला माझ्या दारात उभे. भाऊने इस्त्रीचा सदरा घातला होता. वहिनीने शेव आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या, जणू आम्ही जत्रेला निघालो होतो.

मी त्यांना पाणी दिलं आणि सांगून टाकलं. "भाऊ, कॅसेटमध्ये बाजू कापल्या आहेत. तू दिसत नाहीस बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"मला दिसला नाहीस."

"तू माले वळखतस, मन्हा फेटाले नही," भाऊ म्हणाला आणि खाली सतरंजीवर बसला. "लाव तं खरं."

भाड्याने आणलेला व्हीसीआर लावला. खिडकीला चादर लावली, तरी दुपारचं ऊन तिच्यातून येतच होतं. सिनेमाचा पहिला अर्धा भाग भाऊने अगदी मन लावून पाहिला. गाणी मध्येच तुटत तेव्हा तो कळवळून "अरे अरे" म्हणायचा. पानवाला पेंगत होता. मिरवणूक आली तसा भाऊने त्याला कोपराने उठवलं.

गायक आला, झांज आली, ढोल आला. तळाशी साबणाची जाहिरात सरकत गेली. आणि प्रसंग संपला.

मग वहिनी म्हणाली, "कठे शेतस तुम्ही? माले तं साबनच दिसी राह्यना."

पानवाला ओशाळला. "मी पाहिला होता वहिनी, आईशप्पथ. इथे, टोकाला." त्याने टीव्हीच्या बाहेर, आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं.

"मंग आते कॅलेंडर दखू का?" वहिनी हसली. पण भाऊकडे पाहून तिचं हसू थांबलं. तो टीव्हीजवळ सरकला होता.

"मांगे ले, आप्पा. जरासं."

मी कॅसेट मागे नेली. पुन्हा तेच. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा भाऊने काचेवर बोट टेकवलं. "आठे दख. गायक वळस ना, तव्हय."

गायक वळून चालू लागतो, तसं कापलेलं चित्र त्याच्याबरोबर किंचित डावीकडे सरकतं. तेवढ्या क्षणात डाव्या काठातून काहीतरी काळं आत येतं, जाहिरातीच्या पट्टीच्या जरा वर. क्लॅरोनेटचं टोक आणि त्याच्यावरचा उजवा हात. तोंड नाही, फेटा नाही, माणूस नाही. मग चित्र परत मधे जातं.

मी तिथे थांबवून पाहिलं. थांबवलं की चित्र थरथरायचं आणि नेमके त्या हातावर पांढरे पट्टे यायचे. हात फक्त चालत्या चित्रात दिसायचा. मग आम्ही तेवढाच तुकडा मागे-पुढे करत राहिलो. भाऊने स्वतःचा उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि गाण्याबरोबर बोटं हलवू लागला. कॅसेटमधली बोटंही तशीच हलत होती. शेजारच्या ढोलवाल्याची टिपरी भलत्याच ठेक्यात पडत होती. हात तेवढा बरोबर होता.

वहिनी आतापर्यंत मागे बसली होती. ती उठली, पदर सावरून टीव्हीपाशी वाकली आणि म्हणाली, "पुन्हा लावा बरं."

मी लावलं.

"हाई तुमनी करंगळी शे," ती म्हणाली.

भाऊची बोटं गुडघ्यावर थांबली.

"आनि हाई दाबी राह्यनी. मी म्हने, वाकडी करंगळी काय कामनी. आनि हाई तं बठ्ठास्नाआगोदर दाबी राह्यनी." एवढ्या वर्षांत भाऊला वाजवताना तिने जवळून पाहिलं नव्हतं. वरातीत बायका मागे असत आणि तो पुढच्या टोकाला.

पानवाल्याने हात जोडले. "आता तरी खरं मानता ना? मी खोटं बोलत नव्हतो."

"तू अख्खा सांगेल व्हता," वहिनी म्हणाली. "हात निंघना फक्त."

मग आम्ही शेव-भाकरी खाल्ली. सिनेमाचा उरलेला भाग कोणी पाहिला नाही. जाताना भाऊने विचारलं, "तू लिखशी ना? मोठा पडदावर मी बठ्ठा दिसस, असं लिख."

तसं कसं लिहिणार? त्या पुरवणीत आमच्या घरच्या गोष्टींना जागा नव्हती. मी लिहिलं: चित्र फिके आहे, दोन्ही बाजू कापल्या आहेत, त्यामुळे मिरवणुकीच्या प्रसंगात काठावरचे वादक दिसत नाहीत, ते चांगले वाजवत होते. आवाजात खरखर आहे. गाणी तोडली आहेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी हा सिनेमा थेटरात पाहावा. संपादकांनी "ते चांगले वाजवत होते" हे वाक्य काढलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. न दिसणारे वादक चांगले वाजवत होते हे परीक्षकाला कसं कळलं, असं कोणीही विचारलं असतं.

कॅसेट परत केली. पुढच्या आठवड्यात लायब्ररीवाल्याने मला दुकानाबाहेरच गाठलं.

"सर, तुम्ही लिहिलं त्यात एक राहिलं. मिरवणुकीला चित्र हलतं. पट्टे येतात, मग एकदम मुंग्या. लोक तक्रार करताहेत. आणली तेव्हा बरी होती."

आम्ही तो एकच तुकडा इतक्या वेळा मागे-पुढे केला होता, की तिथली फीत झिजली होती. मी नवीन कॅसेटचे पैसे देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. म्हणाला, त्या सिनेमाला गिऱ्हाईक कोण आहे, राहू द्या.

दिवाळीत मेहरूणला गेलो तेव्हा भीतभीत भाऊला ते सांगितलं. तो ओट्यावर बसला होता. माळ्यावरून काढलेलं क्लॅरोनेट मांडीवर होतं आणि तो तेलाच्या चिंधीने चाव्या पुसत होता. वहिनीने ते काढायला लावलं होतं.

"काही दिसत नही आते?"

"नाही. नुसत्या मुंग्या."

त्याने करंगळीने खालची चावी दाबून पाहिली. ती अडली नाही. मग वाद्याच्या तोंडावरची वेताची पातळ पत्ती काढून त्याने उजेडात धरली. ती कडेला झिजून चिरलेली होती.

"पत्तीबी झिजसच ना रे, वाजाडी वाजाडी," तो म्हणाला, आणि आतून वहिनीने चहाला हाक मारली.