सकाळी मेलेली बॅटरी

सत्तावन साली मी वर्ध्याच्या एका फिरत्या दवाखान्यावर ड्रायव्हर होतो. जीपच्या मागे एक डबा जोडलेला असे. त्यात तपासायचं टेबल, औषधांची कपाटं आणि झोपायला एक फळी. टेबलावरचा दिवा डब्याच्याच बॅटरीवर चालायचा. जीप चालू असली की तिच्यावरून ती बॅटरी भरायची. मुक्कामाच्या गावी डॉक्टर शाळेत झोपत, मी जीपमध्ये, आणि औषधांच्या राखणीला कंपाउंडर डब्यात.

कंपाउंडर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा होता, मोठी आंजी या गावचा. आदल्या दसऱ्याला त्याने आणि त्याच्या सगळ्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला होता. तेव्हापासून तो रोज रात्री पुस्तक घेऊन बसायचा. त्याचं ते बसणं मला खटकायचं. का, ते तेव्हा मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी बॅटरी रात्रीत उतरायला लागली. संध्याकाळी दिवा लख्ख, सकाळी दिव्यातली तार तेवढी लाल. मी पाणी पाहिलं, कमी होतं तिथे भरलं. टोकांवर आलेला पांढरा थर गरम पाण्यात सोडा घालून धुतला, वर व्हॅसलीन लावलं. तरी तेच. शेवटी वर्ध्याला बॅटरीवाल्याकडे नेली. त्याने दोन दिवस ठेवून घेतली, प्रत्येक खण तपासला आणि म्हणाला, "बॅटरी चांगली आहे. रातच्याले कोनी लाइट चालू ठेवत असन."

मला उत्तर मिळालं. रात्री डब्याच्या खिडकीत उजेड मी स्वतः पाहिला होता.

कंपाउंडरला विचारलं तेव्हा तो गोळ्या मोजत होता. "मी दिव्याले हात नाई लावत जी," तो म्हणाला. "माहा कंदील आहे. घासलेटबी माहंच."

 तरी माझा संशय मी डॉक्टरांच्या कानावर घातला.

त्यानंतर आठ दिवसांनी कारंज्याच्या अलीकडच्या एका गावी मुक्काम होता. पहाटे एका बाईला बैलगाडीतून आणलं. रात्रभर अडली होती. डॉक्टरांनी बटण दाबलं, दिवा लागला नाही. कंपाउंडरने आपला कंदील पेटवून आणला आणि शेवटपर्यंत हात उंच करून धरला. बाई वाचली. मूल जन्मलं, पण रडलं नाही. डॉक्टर त्या अंधुक उजेडात किती तरी वेळ त्याच्याशी झटत होते. मग त्यांनी ते फडक्यात गुंडाळून नवऱ्याच्या हाती दिलं.

बाहेर येऊन डॉक्टर सगळ्यांसमोर कंपाउंडरला म्हणाले, "तुझ्या वाचनापायी दिवा नव्हता."

तो माझ्याकडे बघत राहिला. कंदील अजून त्याच्या हातात होता, आणि मला तेवढंही सुचलं नाही, की खिडकीतला उजेड या कंदिलाचाच असेल. वर्ध्याला पोचल्यावर त्याने नोकरी सोडली.

पुढच्या फेरीत औषधं आम्ही शाळेत ठेवली. डब्याला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. आत कोणीही नव्हतं. सकाळी बॅटरी मेलेली होती.

मी चहासुद्धा न घेता बॅटरीची तार काढली आणि टोकाला नुसती टेकवली. सगळी बटणं बंद असताना बारीक ठिणगी उडाली. वीज कुठे तरी जात होती. मग एकेक दिव्याची तार सोडवत गेलो. टेबलावरच्या दिव्याची सोडवली आणि ठिणगी थांबली. डब्याखाली आडवा झालो. चौकटीच्या लोखंडावर घासून तारेचं वेष्टण झिजलं होतं, तिथेच चिखल बसला होता. रात्रीच्या दवाने तो ओला व्हायचा आणि वीज त्यातून झिरपायची. उन्हात वाळला की काही कळायचं नाही. सगळा तपास अर्ध्या तासाचा होता. तो मी पहिल्याच दिवशी करू शकलो असतो.

डॉक्टरांना तार दाखवली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "त्याला परत बोलाव," एवढंच म्हणाले.

मी आंजीला गेलो. तो दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होता. बांधावर उभं राहून मी सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्याने पोतं खाली ठेवलं.

"त्या बाईले सांगतलं?"

"नाही."

"मी गेलतो तिच्या घरी. म्या नाई केलं, हे सांगाले. तिच्या सासऱ्यानं अंगणातूनच वापस केलं." त्याने पोतं उचललं. "नोकरीचं राहू द्या. मी काई येत नाई आता. तुमी तिले सांगजा."

तो पुन्हा ओळीत शिरला. मी उभाच राहिलो. त्याने परत मान वर केली नाही.

चार दिवसांनी मी त्या गावी गेलो. बाई ओसरीत तूर निवडत होती, नवरा खाटेवर बसला होता. कंपाउंडरचा दोष नव्हता, तार झिजली होती, असं मी सांगितलं.

"मंग कोनाचा होता?" नवऱ्याने विचारलं.

"माझा. तार बघायचं काम माझं होतं. मी त्याच्यावर ढकललं."

 बाईचे हात थांबले होते. ती म्हणाली, "तो मानूस आलता. मी आतून आयकत होती. मले वाटलं, खोटं बोलून राह्यला."

मग ती सूप घेऊन आत गेली. नवऱ्याने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी काही वेळ अंगणात उभा राहिलो आणि सडकेला लागलो.

कंपाउंडर पुन्हा दवाखान्यात आला नाही. त्याच्या जागी आलेल्या माणसाला मी डब्याच्या सगळ्या तारा दाखवल्या. जुन्या माणसाविषयी त्याने विचारलं तेव्हा जे घडलं ते सांगितलं. पुढे दर नव्या माणसाला मी ते सांगत गेलो. सोपं कधीच गेलं नाही.