मालती सिस्टर आणि एक नंबरची खाट

माझ्या कॉम्प्युटरने एका माणसाचा जीव घेतलाच होता. मालती सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या म्हणून वाचला.

काल सकाळी सिस्टर गेल्या.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. परळच्या एका छोट्या हॉस्पिटलात त्या आयसीयूच्या इन्चार्ज. मी लालबागचा, टीव्ही रिपेअर करता करता कॉम्प्युटर शिकलेला. ना डिग्री, ना सर्टिफिकेट. तरी तिथली सिस्टिम बसवायचं काम माझ्याकडे आलं.

लॅबचे रिपोर्ट थेट खाटेजवळच्या स्क्रीनवर दिसणार. कागद घेऊन कोणी धावायला नको.

मी रिपोर्ट जोडले खाटेच्या नंबराला. पेशंट येतात, जातात. खाट कुठे जाते?

दुसऱ्याच आठवड्यात, भर दुपारी, डॉक्टरांनी एक नंबरच्या खाटेचा स्क्रीन वाचला. पोटॅशियम फारच कमी. "लगेच ड्रिपमधून द्या."

नर्सने बाटली लावायला घेतली.

"थांब गो," मालती सिस्टर म्हणाल्या. "ह्या काकांच्या किडन्या गेल्यात. काल ह्यांचं पोटॅशियम वर होतं. आज एवढं खाली कसं येईल?"

लॅबला फोन केला. रिपोर्ट काकांचा नव्हताच. सकाळपर्यंत त्या खाटेवर असलेल्या एका बाईंचा होता.

त्या आयसीयूत एक पद्धत होती. जो सगळ्यात सिरियस, त्याला सिस्टरच्या टेबलासमोर, एक नंबरच्या खाटेवर आणायचं. म्हणजे नजर राहते. तब्येत सुधारली की मागे. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून.

ती बाटली काकांना चढली असती तर हृदयच बंद पडलं असतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "काढून टाका हा डबा."

मी गपचूप वायरी गुंडाळायला लागलो.

सिस्टर म्हणाल्या, "सर, अर्धी चूक ह्याची, अर्धी आमची. आम्ही पेशंट हलवतो हे ह्याला कोणी सांगितलंच नाही. आठ दिवस द्या मला."

मग माझ्याकडे वळून, खास मालवणीत, "मेल्या, खाटेक औषध देतत काय रे? माणसाक देतत. उद्यापासून हय स्टुलार बस. नुसता बघ."

आठ दिवस बसलो. कोण कुणाला हलवतं, काय आधी बघतं, काय विसरतं. सिस्टर येता-जाता टोमणा मारायच्या, "काय बाबू, दिसला काय काय?" आणि चहा पाठवायच्या.

नवव्या दिवशी रिपोर्ट खाटेवरून काढले आणि पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीला जोडले. पट्टी स्कॅन केल्याशिवाय ना रिपोर्ट दिसणार, ना औषध निघणार. माणूस कुठेही हलवा, त्याचं सगळं त्याच्या पाठोपाठ.

पुढे ते काका आपल्या पायांनी घरी गेले. जाताना मला पेढा देऊन गेले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात सिस्टरना त्याच आयसीयूत ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा एक तरुण नर्स त्यांना हलवायच्या तयारीत होती.

"एक नंबरला नेतेस ना?" सिस्टरनी विचारलं. अर्थ त्यांच्याइतका कुणाला कळणार.

नर्स त्यांची चादर सारखी करू लागली.

"ने गो. पण आधी हे बघ." आणि कुणी मागायच्या आत त्यांनी मनगट पुढे केलं.

नर्सने पट्टी स्कॅन केली. "आजी, पट्टी बघितल्याशिवाय इथे कोणी काही करतच नाही. आधीपासूनच असं आहे."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. नळ्यांच्या आडून हसल्या.

मीही नुसता हसलो. त्या पोरीला ते आधीपासूनचंच वाटू दे. उद्या तिच्या हाताखाली येणाऱ्यांनाही वाटू दे.

सिस्टर, डोळे भरून आलेत, पण मन शांत आहे. सुखाने जा.

तुमचा,
स्टुलावरचा बाबू