चुकीच्या रांगेत एथ्ना

आमची आई जोसी गेली. अंत्यदर्शनासाठी तिला फ्युनरल होममध्ये ठेवलं त्या शनिवारी माझी धाकटी बहीण ग्रॉन्या सारखी दाराकडे बघत होती. डब्लिनला तिच्याबरोबर एकाच खोलीत राहणारी एथ्ना येणार होती. आई आजारी पडल्यापासून ग्रॉन्या घरीच होती, आणि एथ्नाने तिचा एकही फोन उचलला नव्हता. आता मात्र तिने निरोप पाठवला होता: शनिवार-रविवार गॉलवेला येते, तुझ्याजवळ राहते.

बस वेळेवर आली. एथ्ना उतरली आणि बंदराजवळच्या एका पबमध्ये शिरली. समुद्राकडून आडवा पाऊस होता, हे निमित्त. ग्रॉन्यासमोर उभं राहून काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. एक ग्लास संपल्यावरही सुचलं नाही, म्हणून तिने दुसरा घेतला.

हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं. पुढचंही.

फ्युनरल होममध्ये त्या दिवशी दोन खोल्यांत दोन शवपेट्या होत्या. दोन्ही दारांतून रांगा बाहेर आलेल्या. एथ्ना मान खाली घालून निथळत जी पहिली दिसली त्या रांगेत उभी राहिली. आमच्याकडे घरच्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, "वाईट झालं" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. तिने चौघांशी हात मिळवला. एकाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने तिचा हात धरूनच ठेवला.

"आमच्या मार्टीला तू कशी ओळखायचीस, बाळा?"

एथ्नाने वर पाहिलं. पेटीत मिशीवाला म्हातारा होता. चूक झाली म्हणाली असती तर तिथेच मिटलं असतं. पण मागे रांग उभी होती, आणि बाई उत्तराची वाट बघत होती.

"एकदा पावसात त्यांनी मला गाडीतून सोडलं होतं."

"बाबांनी? गाडीतून?" शेजारी उभा असलेला तिचा मुलगा म्हणाला. "बाबांना स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं तेही ठाऊक नव्हतं."

"गप्प बस, पॉरिक," बाई म्हणाली. "सायकलच्या दांडीवर बसवलं असेल. पोरी दिसल्या की थांबायचा तो." आसपासचे हसले. मग ती एथ्नाच्या कानाशी वाकली. "जोसी समोरच्या खोलीत आहे. पळ, प्रार्थना सुरू होईल."

ती सुरू झालीच होती. आमची खोली दारापर्यंत भरलेली, सगळ्यांच्या हातात जपमाळा. प्रार्थना सुरू झाली की कुणी मध्ये घुसत नाही. एथ्ना बाहेरच उभी राहिली. आत पेटीवर झाकण बसवलेलं तिने फक्त ऐकलं.

घरी आल्यावर चहाची गर्दी उडाली. स्वयंपाकघरात ग्रॉन्या ब्रेडवर हॅम लावत होती, मी कप विसळत होते.

"बस वेळेवर आली होती," एथ्ना दारातूनच म्हणाली. "मी पबमध्ये बसले होते."

"वास येतोय," ग्रॉन्या म्हणाली.

"फोनसुद्धा मी मुद्दामच..."

"तेही माहीत आहे. मी फोनवर रडेन म्हणून घाबरलीस ना? रडलेच असते."

ग्रॉन्याने सँडविचचं ताट एथ्नाच्या हातात दिलं.

"बाहेर घेऊन जा. आणि घरच्यांशी हात मिळव. राहिलंय तुझं."

ती बैठकीच्या खोलीत गेली. डाव्या हातावर ताट तोलत एकेकाला उजवा हात देऊ लागली. या वेळी तोंडाकडे बघून. कोलममामांनी, आईच्या थोरल्या भावाने, विचारलं, "आमच्या जोसीला तू कशी ओळखायचीस, पोरी?"

"मी ओळखत नव्हते," एथ्ना म्हणाली. "त्या ग्रॉन्याबरोबर मला सारख्या घरी बोलवायच्या. मी कधी आले नाही."

"यायला हवं होतंस," मामा सहज म्हणाले, आणि त्यांनी ताटातलं एक सँडविच उचललं.