सहकुटुंब यायचं हं

माझ्या आयुष्यातली एकुलती एक गाण्याची बैठक मी माझ्याच जिभेनं मोडली. “सहकुटुंब यायचं हं,” असं मी सात जणांना म्हणालो. तसं मला म्हणायचं नव्हतं, पण आमंत्रण देताना आपल्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही. बायकोनं आधी बजावलं होतं, “मुलं आणू नका, असं स्पष्ट सांगा.” मी म्हणालो, “असं कसं सांगणार? वाईट दिसतं.”

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. नवी मुंबईत, पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत नोकरीला होतो. कोपरखैरण्यात दोन खोल्यांचं घर, तिसरीत जाणारी एक मुलगी, आणि मी चाळिशीला टेकलेला. अकरा वर्षं मी गाणं शिकलो होतो. खाडीच्या अलीकडे राहायला आल्यावर दादरच्या गुरुजींकडे जाणं सुटलं, पण कामावरून आल्यावर घरचा रियाज मी कधी चुकवला नाही. चार माणसांसमोर बसून मात्र कधीच गायलो नव्हतो. डबा खाताना कारखान्यातले लोक म्हणायचे, “एकदा ऐकवा की राव!” मला ते खरं वाटलं.

तीन महिने मी पूरिया धनाश्री घोटला. हा दिवस मावळतानाचा राग. उजेड जातो आणि अंधार येतो त्या तेवढ्या वेळात तो गायचा. अंधार पडला की त्याची वेळ संपली. गुरुजी याबाबतीत कडक होते आणि मी त्यांच्याहून कडक. मी गायचो तेव्हा मुलगी समोर गृहपाठ करत बसलेली असायची. तिला मी काही शिकवत नव्हतो. मुळात तिच्याकडे माझं लक्षच नसायचं.

रविवारी साडेपाचची वेळ दिली. पलंग शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला, सतरंज्यांवर धुतलेल्या चादरी घातल्या, स्टुलावर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी मांडली. बायकोनं बटाटेवड्यांची तयारी करून ठेवली. तबल्याला साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते. तुर्भ्याच्या बाजारात ते माथाडी होते आणि भजनी मंडळात वाजवायचे. ते पाच वाजताच येऊन, तबला लावून, भिंतीला टेकून बसले.

सात जण आले, ते आपापल्या बायका आणि एकूण नऊ मुलं घेऊन. पहिल्या पाच मिनिटांत चादरींवर पावलं उमटली, बाल्कनीतली कुंडी आडवी झाली आणि आमच्या साहेबांच्या चिरंजिवांनी तंबोऱ्याच्या पेटीची सगळी बटणं फिरवून पाहिली. साहेब कौतुकानं म्हणाले, “फार चौकस आहे हो!” मीही हसलो. मला प्रमोशन हवं होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

सहा वाजले. मी मांडी घातली, घसा साफ केला. तेवढ्यात साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, “एक मिनिट हं. बेटा, अंकलना ती नवी पोएम म्हणून दाखव ना.” बेट्यानं आढेवेढे घेतले. सगळ्यांनी आर्जवं केली, आणि मग त्यानं हातवारे करत इंग्रजी कविता म्हटली. टाळ्या झाल्या. इथं संपायला हवं होतं. पण एकाच्या मुलानं केलं आणि आपल्यानं नाही, हे कुठल्या आईबापांना सोसतं? मग एकीनं सिनेमातल्या गाण्यावर नाच केला. एकानं शाळेतलं बक्षीसपात्र भाषण ठोकलं, ते मधेच विसरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. एकीला काहीच येत नव्हतं, तर तिच्या आईनं तिला एकोणिसाचा पाढा म्हणायला लावला. लोक पाढ्यालाही टाळ्या वाजवत होते. खिडकीच्या ग्रिलमधून समोरच्या इमारतीवरचं ऊन मला दिसत होतं. ते चौथ्या मजल्यावरून पाचव्यावर गेलं, मग गच्चीच्या टाकीवर, मग तिथूनही गेलं.

तबलजी वाकून हळूच म्हणाले, “साहेब, दिस बुडाय लागलाय. धरा की सूर.”

“होतंय, होतंय,” मी म्हणालो. एवढ्या लोकांत राग आणि त्याची वेळ कळणारा तेवढा एकच माणूस होता, आणि त्याला मी गप्प केलं.

मग साहेब म्हणाले, “अहो, तुमची कन्या काही करत नाही का?”

मी काही बोलायच्या आत ती स्वयंपाकघराच्या दारातून उठून आली. कुणाकडे न बघता पेटीसमोर बसली, बटण फिरवत फिरवत सूर जुळवला आणि डोळे मिटले. तिनं माझी पट्टी लावली होती. तिच्या गळ्याला सोयीची नव्हे, माझी. आणि माझीच बंदिश सुरू केली, जी मी तीन महिने घोटत होतो ती. तबलजी ताठ बसले आणि त्यांनी ठेका धरला. तिच्या आवाजात कच्चेपणा होता, पण एकही स्वर हलला नाही. ज्या कोमल रिषभासाठी मी अकरा वर्षं मरमर केली, तो तिच्या गळ्यातून सहज येत होता. नऊच्या नऊ पोरं गप्प झाली.

स्थायी झाली, अंतरा राहिला होता. मुखड्यावर येऊन ती थांबली, डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ठेका चालूच होता. तिनं आणखी एक आवर्तन वाट पाहिली. मला वाटलं, हिला शाबासकी हवी आहे. मी तोंड फिरवलं.

टाळ्या पडल्या. “वा! पोरीनं मैदान मारलं. आता तुम्ही कशाला त्रास घेता?” साहेब म्हणाले आणि सगळे हसले. कुणाला तरी दुसऱ्या दिवशीची शाळा आठवली. वडे आले, चटणी आली. तबलजींनी एकही वडा खाल्ला नाही. बाहेर अंधार पडला होता.

पाहुणे गेल्यावर मी मुलीला समोर उभं केलं. “कुणी सांगितलं होतं तुला? माझं गाणं चोरून लोकांना दाखवायला लाज नाही वाटली? पुन्हा या घरात तोंडातून सूर काढलास तर बघ.” ती रडली नाही. नुसती “बरं” म्हणाली.

तिनं ते पाळलं. शाळेतून बाईंची तक्रार आली, की ही प्रार्थनेला नुसते ओठ हलवते.

दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, “तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, पण सांगते. त्या दिवशी आत येऊन विचारत होती, सूर्य गेला की बाबांना म्हणता येणार नाही ना? मग म्हणाली, मी सुरू करते, म्हणजे सगळे गप्प बसतील. मग पुढचं बाबा म्हणतील.”

मी पेपर वाचत राहिलो. त्याच क्षणी उठून तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण बापानं पोरीची माफी मागायची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि मला खरं तर तिच्या गळ्याचा हेवाच वाटत होता. सहा महिन्यांनी मोठेपणा दाखवत मी म्हणालो, “म्हण ग आता काहीतरी.” ती म्हणाली, “मला नाही येत, बाबा.” प्रमोशन मला मिळालं. गाणं मात्र माझंही त्या रविवारीच सुटलं.

आता ती खारघरला राहते. गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेलो असताना लोक जमले होते, अर्थातच मुलंबाळं घेऊन. कुणाच्या तरी मुलीनं कीबोर्ड वाजवला. आमच्या मुलीला तिच्या मैत्रिणीनं विचारलं, “तू नाही का गात?”

“छे. आमच्याकडे बाबा गातात,” ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले. पावणेसात वाजले होते, बाहेर अजून थोडा उजेड होता. ती माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी मुखड्यावर थांबून बघितलं होतं तशीच.

“घसा बसलाय,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि बशा आणायला आत गेली.