पण साधा

आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटी. म्हणजे काय, तर बारावीला इंग्रजीत बासष्ट मार्क. तेवढ्या भांडवलावर मी अक्काच्या लग्नाचं पत्र वाचलं.

अक्का माझी थोरली बहीण. सावळी, म्हणून पाच ठिकाणांहून नकार आलेला. दोंडाईचाचं स्थळ आलं तेव्हा आबांनी तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना मुलाबद्दल विचारून घेतलं. त्यांचं दोन ओळींचं इंग्रजी उत्तर आलं. हेल्दी, बट सिंपल. मी ऐटीत अर्थ सांगितला, "मुलगा धडधाकट आहे, पण साधा आहे." त्या 'पण'पाशी अडखळले होते, पण तसं म्हणायची लाज वाटली. आबा म्हणाले, "साधाच पाहिजे." महिन्याभरात लग्न उरकलं.

भावजी खरंच धडधाकट होते. त्यांच्या शर्टाची बटणं अक्का लावून द्यायची. ते रोज स्टेशनवर गाडी बघायला जायचे आणि गाडी लेट झाली की रडत घरी यायचे.

पुढच्या वर्षी अमळनेरच्या कॉलेजात जाडजूड डिक्शनरी हाती लागली. सिंपलचे ढीगभर अर्थ. साधा, सोपा, सरळ, आणि पार खाली, जुन्या वापरातला म्हणून, मंदबुद्धीचा. डॉक्टरांनी सभ्यपणे खरं तेच लिहिलं होतं आणि मी शहाणीने त्याची माती केली. माझ्या बासष्ट मार्कांची मला किळस आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली. सांजोऱ्या लाटत बसली होती. तिच्यापुढे मी सगळं कबूल केलं, रडलेही. तिचा हात थांबला नाही.

"इंग्रजी काय लई बसनी? त्यासनी मायनी बैठकमाच सांगं व्हतं, पोऱ्या भोया शे."

म्हणजे पत्र येण्याआधीच, बैठकीत, भावजींच्या आईनेच सांगून टाकलं होतं. भोया म्हणजे भोळा. आमच्याकडे वेड्याला वेडा म्हणत नाहीत, भोया म्हणतात. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"आबा कुठे होते तेव्हा?"

"तठेच बसेल व्हतात."

मग पत्र माझ्याकडून कशाला वाचून घेतलं, ते तेव्हा कळलं. 'साधा' हा शब्द त्यांना कुणाच्या तरी तोंडून हवा होता. माझ्या तोंडून मिळाला.

बाहेर आबा माहेरवाशिणीसाठी लिंबाला झोका बांधत होते. दोर पक्का आहे ना, हे दोन-दोनदा स्वतः लोंबकळून बघत होते.